पूर्वज कोणाला सापडतात?

पूर्वजांचा शोध घेणे ही निरुपद्रवी, किंबहुना स्तुत्य गोष्ट मानली जाते. समुद्रापार गेलेल्या कॉर्निश पूर्वजांचा शोध हा तर या छंदातील एक प्रतिष्ठित प्रकार. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा, दक्षिण आफ्रिका येथील असंख्य कुटुंबे आपले मूळ ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकावरील कॉर्नवॉलमध्ये शोधत असतात. आडनावाच्या आरंभी ‘ट्रे’, ‘पोल’ किंवा ‘पेन’ असले की शोधाला हुरूप येतो. कारण वस्ती, तळे आणि भूशिर या अर्थांची ही जुन्या कॉर्निश भाषेतील पदे आहेत. आडनावाला ‘कर’ लावून गाव सोबत नेणाऱ्या मराठी माणसाला ही ओढ वेगळी समजावून सांगायला नको. त्या ओढीविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यातून रचल्या जाणाऱ्या कुळकथेविषयी.

ही कुळकथा साधारणतः ठरलेली असते. तिचा नायक ‘कझिन जॅक’, म्हणजे परदेशी गेलेला कॉर्निश खाणकामगार. तो कणखर, निडर आणि मेथॉडिस्ट पंथाचा. साहसाच्या ओढीने तो समुद्र ओलांडतो, खाण उभारतो, प्रार्थनामंदिर बांधतो आणि आपल्या मागे एक चव ठेवून जातो. मेक्सिकोतील रेआल देल मॉन्ते येथे आजही कॉर्निश ‘पेस्टी’चे ‘पास्ते’ हे रूप विकले जाते. ऑस्ट्रेलियातील मूंटा, वॉलरू व कडाइना या तांब्याच्या गावांना ‘लिटल कॉर्नवॉल’ म्हणतात आणि तेथे १९७३ पासून कॉर्निश उत्सव भरतो. कथा गोड आहे. प्रश्न एवढाच की ती कोणाला वगळून गोड झाली आहे.

प्रथम ‘साहसा’विषयी. १८४० च्या दशकात बटाट्यावरील रोगाने कॉर्नवॉलमधील गरिबांचे अन्न हिरावले. १८६६ मध्ये तांब्याचा बाजार कोसळला आणि खाणी धडाधड बंद पडल्या. पुढच्या दशकात कथिलाच्या भावानेही दगा दिला. १८६१ च्या जनगणनेत कॉर्नवॉलची लोकसंख्या सुमारे ३ लाख ६९ हजार होती, ती १९०१ मध्ये सुमारे ३ लाख २२ हजारांवर आली. याच ४० वर्षांत इंग्लंड व वेल्सची लोकसंख्या दीडपटीहून अधिक झाली होती. एवढ्या लोकांना एकाच वेळी साहसाची हुक्की आली असे मानणे म्हणजे उपासमारीला स्वभावगुण ठरवणे होय. आजोबांचे दारिद्र्य नातवाला लाजिरवाणे वाटते, म्हणून तो त्याचे शौर्य करून टाकतो.

आता साधनांकडे वळू. या शोधाची सारी इमारत नोंदींवर उभी आहे. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह व मृत्यू यांची नागरी नोंदणी १८३७ पासून सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चची दप्तरे. १८४१ पासूनच्या जनगणनांत माणसे नावानिशी भेटतात, पण त्या पहिल्या खेपेला १५ वर्षांवरील व्यक्तींची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिलेली असतात. ब्रिटनमधून बाहेर पडणाऱ्या उतारूंच्या याद्या सलगपणे मिळतात त्या १८९० पासूनच्या. म्हणजे ज्या दशकांत लोंढा वाहिला, त्या दशकांतील प्रस्थानाची नोंद बहुतांशी हाती येत नाही. ती पोहोचण्याच्या टोकाला, सरकारी मदतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरलेल्यांच्या यादीत किंवा परगावच्या थडग्यावर शोधावी लागते. जिथे कागद संपतो तिथे दंतकथा सुरू होते, आणि ती नेहमी कझिन जॅकच्याच बाजूने बोलते.

कागद असतो तिथेही तो निःपक्षपाती नसतो. कॉर्निशमध्ये ‘बाल’ म्हणजे खाण. खाणीच्या तोंडाशी हातोड्याने खनिज फोडणाऱ्या, निवडणाऱ्या मुलींना ‘बाल मेडन’ म्हणत. तांब्याच्या वैभवात त्यांच्या मनगटांचाही वाटा होता. लग्न होताच त्या वंशावळीत कोणाची तरी पत्नी होऊन उरतात. नवरा परदेशी गेला की घर, शेताचा तुकडा, मुले आणि दुकानदाराची उधारी यांचा भार त्यांच्यावर. पैसे येणे थांबले की गरीबखान्याच्या पंचांपुढे उभे राहणेही त्यांच्याच वाट्याला. लेस्ली ट्रॉटर यांनी २०१८ साली आपल्या ग्रंथात या ‘विवाहित विधवां’चा इतिहास मांडला. स्थलांतराची किंमत ज्यांनी घरी बसून चुकवली, त्यांना स्थलांतराच्या कथेत जागा मिळायला इतका काळ जावा लागला! आपल्याकडचे जुने कुलवृत्तांत ज्यांनी चाळले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

याहून मोठी गाळणी समुद्रापलीकडे आहे. मूंटाचे तांबे १८६१ मध्ये सापडले. ती भूमी नारुंगा या आदिवासी लोकांची. सात वर्षांनी, १८६८ मध्ये, त्याच द्वीपकल्पावर पॉइंट पियर्स येथे त्यांच्यासाठी मिशनची वसाहत निघाली. एकाच दशकात एका समाजाला गाव मिळाले आणि दुसऱ्याचा मुलूख आक्रसला. मूंटात आपला पणजोबा शोधणाऱ्याने या दोन तारखा एकत्र वाचू नयेत का? दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत दगडाच्या धुळीने कॉर्निश कामगारांची फुप्फुसे निकामी केली. मायदेशी परतून ते अकाली मेले. त्यांच्या आरोग्याची सरकारी चौकशी झाली आणि १९०४ मध्ये अहवालही निघाला. त्याच धुळीत राबणाऱ्या आफ्रिकी मजुराच्या खोकल्याची दखल अशी कोणी घेतली? पुढे १९११ च्या खाण कायद्याखालील नियमांनी तर कौशल्याची कामे गोऱ्यांसाठी राखूनच ठेवली.

हे दूरचे वाटत असेल तर कोलार पाहावे. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने म्हैसूर संस्थानातील या सोन्याच्या खाणींचा कारभार हाती घेतला आणि कॉर्निश खाणकामगार येथे आले. त्यांचे वंशज आज बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी शोधतात आणि त्या बऱ्याचदा सापडतात. त्यांच्या हाताखाली खोल विवरांत उतरणारे मजूर मुख्यतः तमिळभाषक, त्यांत दलित बहुसंख्य. या मजुरांनी १९३० मध्ये मोठा संप केला, तो बोटांचे ठसे घेऊन नोंदणी करण्याच्या सक्तीविरुद्ध. एकाला चर्चच्या वहीत आईबापांसह नाव मिळाले, दुसऱ्याकडून ठसा मागितला गेला. खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तिथल्या मजुराच्या नातवाने वंशावळ काढायची ठरवली, तर त्याने कोणते दप्तर उघडावे?

यावर दोन उत्तरे हमखास येतात. पहिले असे की कॉर्निश लोक स्वतःच दडपले गेलेले आहेत. त्यांची भाषा लोकव्यवहारातून गेली आणि राष्ट्रीय अल्पसंख्य म्हणून त्यांना ब्रिटिश सरकारची मान्यता मिळाली ती थेट २०१४ मध्ये. हे खरे आहे, पण त्याने मुद्दा खोडला जात नाही. घरी दबलेला माणूस बाहेर दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहू शकतो. इतिहासात हे वारंवार घडले आहे. दुसरे उत्तर, हा खाजगी छंद आहे, त्याच्यावर इतिहासाचे ओझे कशाला? परंतु उत्सव भरवणारी, फलक लावणारी आणि २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या खाणींचा अभिमान मिरवणारी स्मृती खाजगी राहत नाही.

म्हणून या शोधकांची हेटाळणी करणाऱ्या विद्वानांच्या पंक्तीत आम्ही बसणार नाही. चर्चच्या दप्तरांतील अगणित ओळी हौशी स्वयंसेवकांनी डोळे फोडून उतरवल्या आणि सर्वांना फुकट खुल्या केल्या. विद्यापीठीय संशोधन आज त्याच श्रमावर उभे आहे. इतकी चिकाटी ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्याकडूनच अपेक्षा करायची. पूर्वजाची ओळ सापडल्यावर पान मिटू नये. त्याच घरातील न गेलेल्या भावाचे काय झाले, पैसे येईनासे झाल्यावर पत्नीने काय केले, परमुलखात त्याच पाळीला त्याच्यासोबत कोण उतरले, ती जमीन आधी कोणाची होती, हे प्रश्न त्याच चिकाटीने विचारावेत. काहींची उत्तरे मिळतील, काहींची मिळणार नाहीत. न मिळालेल्या उत्तरांच्या रिकाम्या जागाही वंशावळीत आखून ठेवाव्यात. त्याविना हाती येते ते बिरुद, इतिहास नव्हे.