अनुभव मोठा की पदवी?

शांततेसाठी राबलेल्या अनुभवी माणसांना विद्यापीठात शिकता यावे, म्हणून २००२ पासून रोटरीची शांतता फेलोशिप दिली जाते. तिच्या केंद्रासाठी २०२४ साली पुण्याच्या सिम्बायोसिस विद्यापीठाची निवड झाली. आम्ही या निवडीचे स्वागत करतो. पण सवाल पदवी आणि इंग्रजीच्या अटीचा आहे.

२००७ साली भारताच्या महिला पोलिसांची तुकडी लायबेरियात गेली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील निव्वळ महिलांची ती पहिलीच तुकडी. मन्रोव्हियात रात्रीची गस्त घालणाऱ्या शिपाई भगिनींचा अनुभव पदवीपेक्षा हलका कसा?

पदवीऐवजी सेवेचा दाखला मानावा आणि इंग्रजी केंद्रानेच शिकवावे, ही आमची मागणी आहे. नाहीतर शांतता राखणारे दाराबाहेर आणि तिच्यावर व्याख्याने देणारे आत, असेच चित्र राहील.