रविवारी रात्री मेस बंद

पुण्याच्या पेठांमधल्या बहुतेक मेसचा अलिखित नियम असा: रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी सुट्टी. दुपारी पनीर, पुलाव, गुलाबजाम असं तडस लागेपर्यंत जेवायचं आणि रात्रीचं ज्याचं त्याने बघायचं. आता कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाने काय बघायचं? खोलीत शेगडी चालत नाही, इंडक्शन सापडलं तर घरमालकाची बोलणी बसतात. उरते पाणी तापवायची किटली आणि तिच्यात शिजणारी मॅगी. नाहीतर कोपऱ्यावरचा वडापाव, नाहीतर चायनीजची गाडी.

कॉलेजातल्या मुलांच्या खाण्याविषयी आपल्याकडे जे काही बोललं जातं ते बहुधा उपदेशाच्या सुरात. जंक फूड टाळा, पालेभाज्या खा, भरपूर पाणी प्या. जणू हे त्यांच्या कानावर कधी पडलेलंच नाही! समतोल आहाराचा धडा शाळेतच पाठ झालेला असतो. घोडं अडतं ते कॉलेजच्या वेळापत्रकात, खोलीच्या नियमांत आणि महिन्याच्या पैशांत. मेसला खाडा लावायचा, म्हणजे न जेवलेल्या वेळेचे पैसे वाचवायचे, तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, एका वेळेचा खाडा अनेक ठिकाणी धरतच नाहीत. मग जेवण चुकलं की पैसेही गेले आणि बाहेर खाल्लं की पुन्हा खर्च. असा हिशेब करणारा मुलगा डाळिंब आणि भेळ यांत काय निवडेल, हे सांगायला आहारतज्ज्ञ कशाला हवा?

सगळ्यांत मोठा खड्डा सकाळचा. लेक्चर साडेसातला, मेस उघडणार बाराला. रात्री नऊला जेवलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी साडेबारापर्यंत, म्हणजे पंधरा-साडेपंधरा तास, चहा आणि क्रीमरोलवर तग धरतो. मग दुपारी भुकेच्या तडाख्यात पातळ आमटीत भात कालवून पोट भरतो आणि तीनच्या प्रॅक्टिकलला पेंगतो. प्राध्यापकांना वाटतं, पोरगा रात्रभर मोबाइल बघत बसला असणार. (बसलेलाही असतो, ते वेगळं.)

त्यात चहाचं गणित. पेठांत दर चार पावलांवर अमृततुल्य. कपाला दीड चमचा साखर धरली तरी चार कपांत सहा चमचे होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने प्रसिद्ध केली. तिथे वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा साधारण २५ ग्रॅम सांगितली आहे. ती चहातच संपते, कोल्ड्रिंकची बाटली अजून उघडायची असते. अडीचशे मिलीच्या कोलाच्या एका बाटलीत पुन्हा तेवढीच साखर.

साखरेहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चहाची वेळ. जेवण झालं की लगेच टपरीवर जायचं, ही कॉलेजातली जुनी रीत. पण चहातली टॅनिनं अन्नातलं लोह शरीराला नीट शोषू देत नाहीत. म्हणून जेवणाआधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असं हीच संस्था सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वसतिगृहांतल्या मुलीही याच वयोगटातल्या. चहा सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि तसं म्हणायचं कारणही नाही. तो तासभर पुढे ढकलला आणि ताटातल्या उसळीवर लिंबाची फोड पिळली, तरी त्याच मेसच्या ताटातलं लोह अधिक अंगी लागतं.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका उशिरापर्यंत उघड्या असतात आणि टेबलावर पुस्तकांशेजारी एनर्जी ड्रिंकचा कॅन असतो. आपल्याकडच्या नियमांनुसार या पेयांत लीटरमागे जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं आणि दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त पिऊ नये, असं डब्यावर छापावं लागतं. अडीचशे मिलीचे दोन कॅन झाले की ती सीमा आली. वर चार चहा झाले, तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफिनची जी मर्यादा पोषण संस्थेने सांगितली आहे, तीही ओलांडायला वेळ लागत नाही. शिवाय कॅफिन अंगातून निम्मं उतरायला सुमारे पाच तास जातात. अकराला घेतलेला कॅन पहाटे चारला अर्धा कामावर असतो. जागरण होतं, अभ्यास होतोच असं नाही.

पाण्याकडे तर कोणाचंच लक्ष नसतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गीयाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. तेवढ्यापुरतं लोक पाणी उकळू लागले. पण वसतिगृहाच्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, खोलीत येणारा जार कुठे भरला जातो, हे भरल्या वसतिगृहात कोणाला विचारलं तर एकमेकांकडे बघतील.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र जुनी आणि शहाणपणाची आहे. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत शिकणाऱ्या मुलांसाठी पहाटेच्या एसटीने घरचे डबे येतात. ऑइलपेंटने नाव घातलेला डबा आई कंडक्टरच्या हवाली करते आणि पोरगं स्टँडवर येऊन उतरवून घेतं. आत भाकरी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कधी ठेचा. भाकरी वातड झालेली असते, उसळ गार. तरीही हा डबा मेसच्या बऱ्याच ताटांना भारी पडतो, कारण त्यात कडधान्य असतं, बटाट्याच्या रश्श्याने भागवलेलं नसतं.

ज्यांचा डबा येत नाही, ती पोरं-पोरी आपापले मार्ग काढतातच. किटलीत अंडी उकडतात. रुमालात बांधून मटकीला मोड आणतात, त्यावर उकळतं पाणी ओतून कांदा-लिंबू घालून खातात. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांत एका अंड्याइतकी प्रथिनं मिळतात आणि त्याला ना किटली लागते ना घरमालकाची परवानगी. चणे-शेंगदाण्यांची पुडी आणि दोन केळी सॅकमध्ये ठेवली, तर साडेसातच्या लेक्चरपुरतं निभावतं.

पण निभावण्याचं सगळं ओझं अठरा वर्षांच्या मुलावरच का? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कॉलेजांच्या आवारात जंक फूड विकू नये, अशा सूचना काढल्या. कॅन्टीनमधून सामोसा काढा म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी सातला गरम उपमा, उसळ, उकडलेली अंडी परवडणाऱ्या दरात मिळतील, हे पाहणं अवघड. कॅन्टीनचं कंत्राट देताना भाडं किती येणार यावर घासाघीस करायची आणि ते भाडं वसूल करायला कंत्राटदाराने तळणीच काढायची, हा व्यवहार बदलल्याशिवाय भिंतीवरच्या आहाराच्या तक्त्याला अर्थ नाही. सकाळचं लेक्चर ठेवणाऱ्या कॉलेजने सकाळचा नाश्ताही द्यावा, भाडं कमी घेऊन द्यावा. वाचनालयाइतकीच ती कॉलेजची जबाबदारी आहे.

प्रवेशाच्या दिवसांत पालक वसतिगृह बघायला येतात तेव्हा वायफाय, सीसीटीव्ही आणि गेट बंद व्हायची वेळ एवढं आवर्जून विचारतात. त्याच दमात त्यांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्याची टाकी कधी धुतली, सकाळी सातला खायला काय मिळतं आणि रविवारी रात्री पोरांनी कुठे जेवायचं.