डॉक्टरांचे शिक्षण पुढे चालू राहते, पण वॉर्डापर्यंत पोहोचते का?

एप्रिल २०२१ आठवून पाहा. कोरोनाच्या रुग्णासाठी प्लाझ्मा मिळावा म्हणून कित्येक कुटुंबे दाते शोधत रात्रंदिवस फोन करत होती. प्लाझ्मामुळे आजार बळावणे किंवा मृत्यू टळत नाही, असे आयसीएमआरच्या ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसले होते. तो अभ्यास ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या काळातली ती धावपळ तुम्हीही केली असेल.

२००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असते. म्हणजे वर्षाला सहा तास! महाराष्ट्रात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी त्याचे क्रेडिट पॉइंट लागतात. पण ते मिळतात मुख्यतः हजेरीवर. परिषदेत ऐकलेल्या गोष्टीमुळे दाखल रुग्णाच्या केसपेपरवरची औषधे बदलली का, हे त्यातून कळत नाही. (जेवण मात्र बहुधा चांगले असते.)

माझ्या मते खरे शिक्षण वॉर्डातच होते: राउंडमधली चर्चा, दगावलेल्या रुग्णांचा आढावा, अँटिबायोटिकच्या वापराची तपासणी. रुग्णालय निवडायला वेळ असेल, तर असे आढावे तिथे होतात का, हे जरूर विचारा. रुग्ण आधीच दाखल असेल, तर राउंडच्या वेळी एवढेच विचारा: हे औषध कशासाठी आणि ते कधी थांबवणार? अद्ययावत डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.