द्राक्षबागेतील फवारणी आणि पेशीतले वीजघर

ऑक्टोबर छाटणी झाली, की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात पहाटेपासून ब्लोअरचा आवाज सुरू होतो. पाऊस लांबला तर डाऊनीची आणि पुढे भुरीची धास्ती. मग फवारणीवर फवारणी. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, फ्लुओपायरम ही नावे बागायतदारांना पाठ असतात. ही औषधे बुरशीला नेमकी कुठे मारतात, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते ठिकाण आपल्याही शरीरात आहे.

लाल रक्तपेशी सोडल्या, तर आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे तंतुकणिका असतात. त्यांच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची पाच संकुले बसवलेली असतात. पहिली चार संकुले अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन पुढे सरकवत ऑक्सिजनपर्यंत नेतात. या ओघात प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलले जातात. कोयनेच्या धरणात पाणी अडवावे, तसे ते तिथे साठतात आणि पाचव्या संकुलातून परत येताना त्यातले चाक फिरवतात. त्यातून एटीपी तयार होते. हे तत्त्व मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना 1978 मध्ये, तर चाकाचे काम उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 मध्ये नोबेल मिळाले.

ही संकुले आयती मिळत नाहीत, जुळवावी लागतात. एकट्या पहिल्या संकुलात 45 प्रथिने असतात. बहुतेक प्रथिनांचा आराखडा पेशीकेंद्रात असतो, पण पाच संकुलांतील 13 प्रथिनांचा आराखडा आईकडून आलेल्या, तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत असतो. दोन्हीकडचे भाग मदतनीस प्रथिने क्रमाने जोडतात. पुढे पहिले, तिसरे आणि चौथे संकुल एकत्र येऊन महासंकुलही बनते. एक भाग चुकला, तरी सर्वाधिक ऊर्जा लागणारे मेंदू, हृदय आणि स्नायू आधी थकतात.

बुरशीचे वीजघरही याच घडणीचे आहे. ॲझॉक्सिस्ट्रोबिन तिचे तिसरे संकुल अडवते, फ्लुओपायरम दुसरे. पण बुरशीही वाट काढते. तिसऱ्या संकुलातील सायटोक्रोम बी या प्रथिनात 143व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलले, की ॲझॉक्सिस्ट्रोबिनला तिथे पकड मिळत नाही. महाराष्ट्रातील द्राक्षबागांत डाऊनीची अशी बुरशी आढळल्याची नोंद 2016 मध्येच झाली आहे. औषध लागू पडेना, की मात्रा वाढते, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जातात आणि फवारणाऱ्याच्या अंगावर जास्त विष उडते.

इथे घाबरवण्याचा हेतू नाही. ही दोन्ही बुरशीनाशके माणसाला तुलनेने कमी विषारी आहेत. काढणीपूर्वीचे ठरलेले दिवस पाळून आलेली द्राक्षे धुऊन जरूर खावीत. खरी काळजी मिरची, कोबी, वांगी, कपाशीवरच्या काही कीटकनाशकांची आहे. टोल्फेनपायरॅड पहिले संकुल रोखते. डायफेन्थियुरॉन पाचव्या संकुलाला अडवते. क्लोरफेनापिर तर धरणालाच भगदाड पाडते: प्रोटॉन भलत्याच वाटेने परततात, एटीपी बनत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन जाते. रुग्णाला घाम फुटतो, ताप चढतो. सुरुवातीला बरा दिसणारा माणूस काही दिवसांनी अचानक ढासळू शकतो.

सरकारी रुग्णालयात काम करताना हा फरक फार मोठा वाटतो. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातील विषावर ॲट्रोपिन आहे. पेशीचे वीजघर बंद पाडणाऱ्या या विषांवर उतारा नाही. श्वास, रक्तदाब आणि तापमान सांभाळत राहणे एवढेच हातात असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक जण दगावले. तेव्हा वापरात असलेल्या औषधांमध्ये मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस होते, तसेच डायफेन्थियुरॉनही होते.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात. मनाने मिश्रण करू नये. त्याच गटाचे औषध लागोपाठ मारू नये. नाव वेगळे असले, तरी गट एकच असू शकतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाने मजुरालाही द्यावेत. त्रास झाला, तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि रुग्णालयात येताना औषधाची बाटली बरोबर आणावी. बाटलीविना निदान करताना आमचा मोलाचा वेळ जातो.

पण सगळा भार शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. औषध कोणत्या गटाचे, त्यावर उतारा आहे की नाही, हे बाटलीवर मोठ्या अक्षरात आणि मराठीत असले पाहिजे. 1968 च्या कीटकनाशक कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी 2020 मध्ये राज्यसभेत विधेयक मांडले गेले. त्या चर्चेत उत्पादक आणि विक्रेते यांच्याइतकेच स्थान पाठीवर पंप घेऊन बागेत उतरणाऱ्या मजुराला मिळायला हवे.