कपाटाची किल्ली कोणाजवळ?

नरखेड तालुक्यांतील मुलगी बारावी होऊन नागपुरास शिकावयास निघाली, म्हणजे तिच्या अगोदर तिचीं कागदपत्रें निघतात. आधार कार्ड, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाचें पहिलें पान, छायाचित्र, आणि घरांतील एकुलत्या एका मोबाइलचा क्रमांक. हें सर्व बाजारांतील एखाद्या इंटरनेट केंद्रांत संगणकावर उतरविलें जातें व विद्यापीठाकडे रवाना होतें. पाठविलें तें गेलें. पण उतरविलेलें तेथेंच राहतें. गेल्या जूनमध्यें अशा एका केंद्रांत आम्ही एका विद्यार्थिनीबरोबर गेलों असतां पडद्यावर ओळीनें नांवें मांडलेलीं दिसलीं. त्यांत आमच्या गतवर्षींच्या विद्यार्थ्यांचीं पांच-सहा नांवें आम्हीं ओळखलीं. कोणाची जात कोणती, कोणाचा बाप किती मिळवितो, कोणत्या मुलीचा फोन कोणता, हें सर्व तेथें बाजारांतील संत्र्यांच्या ढिगाप्रमाणें उघड्यावर पडलें होतें.

विद्यापीठांतील गोपनीय माहितीच्या रक्षणाचा विषय निघाला कीं आपल्या डोळ्यांसमोर कोणी परदेशस्थ चोर व त्याच्याशीं झुंजणारा संगणकतज्ज्ञ उभा राहतो. आम्हांस हें चित्र अपुरें वाटतें. पूर्वीं शाळेचें दाखलखारीज रजिस्टर लोखंडी कपाटांत असे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशांत. रजिस्टर चोरीस गेलें तर जागा रिकामी दिसे व सकाळीं शिपाईच ओरडत येई. संगणकांतील माहितीची चोरी झाली तरी माहिती जागच्या जागीं असते. महिनेच्या महिने कोणास पत्ताहि लागत नाहीं.

शिवाय चोर नेहमीं बाहेरचाच असतो असें नाहीं. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ सालची. त्याच विद्यापीठांत १९९९ सालीं फेरमूल्यांकनांतील गुणवाढीचें प्रकरण उघडकीस आलें. तेथें कोणी भिंत फोडली नव्हती. आरोप झाले ते आंतल्याच माणसांवर. त्या वर्षीं रात्र रात्र जागून उत्तीर्ण झालेल्या गरीब मुलांनाहि आपली गुणपत्रिका पुढें करतांना ओशाळें व्हावें लागलें असेल, याचें आम्हांस फार वाईट वाटतें. गुण वाढविणाऱ्याचा दंड न्यायालय ठरवील. त्या मुलांची भरपाई कोण करणार? म्हणून कोणास कोणती नोंद पाहतां येते, कोणास बदलतां येते, आणि बदलली तर तिच्याखालीं बदलणाऱ्याचें नांव व वेळ आपोआप उमटते कीं नाहीं, हे प्रश्न आम्हांस कोणत्याहि महागड्या यंत्रापेक्षां अधिक महत्त्वाचे वाटतात.

बाहेरच्या चोराचेंहि एक उदाहरण देतों. नेदरलंड्समधील मास्त्रिख्त विद्यापीठांत ऑक्टोबर २०१९ मध्यें फसवा ई-मेल उघडला गेला. चोर तेवढ्यानें आंत शिरले आणि दोन महिने गुपचूप फिरत राहिले. २३ डिसेंबर रोजीं, नाताळच्या तोंडावर, त्यांनीं २६७ सर्व्हरांना सांकेतिक कुलूप ठोकलें. कांहीं राखीव प्रती त्याच जाळ्याला जोडलेल्या असल्यानें त्याहि कुलूपबंद झाल्या. शेवटीं विद्यापीठानें ३० बिटकॉइन, म्हणजे सुमारें दोन लाख युरो, मोजून किल्ली विकत घेतली. खंडणी दिली हें आम्हांस पसंत नाहीं. परंतु फेब्रुवारी २०२० मध्यें त्याच विद्यापीठानें जाहीर सभा भरवून आपली चूक कोठें झाली तें सर्वांपुढें मांडलें, हें मात्र आपल्याकडील संस्थांनीं शिकण्यासारखें आहे. आपल्याकडे अब्रू जाईल म्हणून प्रथम दार लावून घेण्याची रीत आहे. दाराच्या आंत विद्यार्थ्यांचीच माहिती असते, आणि बातमी त्यांनाच शेवटीं कळते.

राखीव प्रत कोठें ठेवावी हें मोवाडच्या माणसास परक्यानें सांगावयास नको. ३० जुलै १९९१ रोजीं वर्धा नदी गांवांत शिरली आणि दोनशेंहून अधिक जीव गेले. ज्या घरीं माणूसच राहिलें नाहीं तेथें दाखल्यांचा हिशेब कोण करतो? तरी जें घर उरलें, त्या घरच्या मुलाचा शाळेचा दाखला, शेताचा कागद आणि त्यांची नक्कल, दोन्ही एकाच पेटींत असल्यास दोन्ही एकदमच गेलीं असणार. संगणकाचेंहि तसेंच आहे. एक प्रत दुसऱ्या जागीं, जाळ्यापासून तोडलेली, आणि अधूनमधून उघडून पाहिलेली असावी. तीन वर्षें न उघडलेली प्रत असून नसल्यासारखी.

येथें आमचाहि एक दोष सांगितला पाहिजे. दोन वर्षांपूर्वींपर्यंत आमच्या शिक्षकखोलींतील संगणकाचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून आम्हींच पडद्याच्या कडेस चिकटविला होता. सर्वांची सोय व्हावी हा हेतु. आठवीच्या एका मुलानें तो वर्गांत मोठ्यानें म्हणून दाखविला तेव्हां आमचे डोळे उघडले. त्याला शिक्षा करावी असें एका सहकाऱ्यानें सुचविलें. आम्हीं त्याचे आभार मानले.

२०२३ सालच्या कायद्याप्रमाणें, ज्या कामासाठीं माहिती घेतली त्या कामापुरतीच ती ठेवावयाची, आणि योग्य संरक्षण न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे. आकडा मोठा आहे. परंतु आमची विद्यापीठाकडे मागणी लहान आहे. जें लागत नाहीं तें मागूंच नका. प्रवेशाच्या वेळीं एकदां दिलेला जातीचा दाखला परीक्षेच्या अर्जाबरोबर पुन्हां कशाला? प्रत्येक वेळीं मुलगी त्याच केंद्रांत जाते आणि तेथें आणखी एक प्रत मागें ठेवून येते.

त्या जूनच्या दिवशीं आम्हीं केंद्रांतील तरुणास आमच्या विद्यार्थिनीचीं कागदपत्रें पुसून टाकावयास सांगितलें. त्यानें आनंदानें पुसलीं. मग संगणकांतील कचऱ्याची टोपली उघडावयास सांगितली, तर तीन वर्षांचीं मुलें तींत होतीं. "सर, हें तर माझ्या ध्यानींच नव्हतें," असें म्हणून त्यानें ती रिकामी केली, आणि रांगेंतील पुढच्या मुलाचा दाखला यंत्रावर ठेवला.