मंडप उतरल्यावर काय?

आमचे आचोळे आता गाव म्हणून कमी आणि रस्ता म्हणून अधिक ओळखले जाते. नालासोपारा पूर्वेच्या गर्दीत गावठाण शोधावे लागते. २००९ साली वसई-विरार महापालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. पाणी, रस्ते, गटारे यांवर आपण तावातावाने बोलतो; बोललेच पाहिजे. पण या वस्तीच्या गळ्यातले गाणे कुणाच्या खात्यात मोडते, हे सहसा कुणी विचारत नाही.

वसईला कलेचे वावडे आहे, असे कुणी म्हणू नये. चिमाजी अप्पा मैदानावरच्या तालुका कला-क्रीडा महोत्सवाने तीन दशके मुलांना रंगमंच दिला. माझा प्रश्न आहे तो मंडप उतरल्यानंतरचा. रत्नागिरीहून येऊन इथे स्थिरावलेल्या शक्ती-तुऱ्याच्या शाहिराला तालमीला जागा हवी असते. दोन खोल्यांच्या घरात ढोलकी कडाडली की शेजारी दार वाजवतात. त्यांचेही चुकत नाही, पहाटेची लोकल त्यांनाही गाठायची असते. पश्चिमेकडच्या गावांतली सामवेदी, वाडवळी लग्नगीते आज्यांच्या तोंडी आहेत. आजी गेली की गाणेही तिच्याबरोबर जाते.

प्रादेशिक कला मंडळाचे काम नेमके इथे सुरू होते. आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पण त्याआधी, १९७० च्या दशकात, भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलांच्या सरकारी कामातून वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले होते. भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले आणि जगभर पोचले. कीर्ती मिळाल्यावर शाल पांघरणे सोपे. कीर्तीच्या आधी कागद देणे हे खरे काम.

गोव्याची कला अकादमी भजनी आणि नाट्यस्पर्धा भरवते. त्या निमित्ताने गावोगाव तालमी रंगतात. आपल्याकडे राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. २०२४ साली ते महिना ५,००० रुपये झाले. पण तो उतारवयाचा आधार. तरुणाच्या शिकण्याची सोय कोण करणार?

म्हणून मागणे फार मोठे नाही. शाळांचे वर्ग संध्याकाळी तालमींना मिळावेत. तारपा वाजवणाऱ्याइतकाच दुधी भोपळ्यातून तो घडवणाराही मानाने बोलावला जावा. जुनी गाणी ध्वनिमुद्रित व्हावीत. आणि मंडळावर पुढाऱ्यांपेक्षा कलावंत अधिक असावेत. ब्रिटनने १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन केली ती याच धोरणाने: पैसा सरकारचा, निवड जाणकारांची.

मंडळ होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या इमारतीत कोण गाते, कोण वाजवते, कुणाच्या आजीला ओव्या येतात, एवढी चौकशी तर आपण आजच्या रविवारी करू शकतो. शेजारी कलावंत राहतो हे कळले, की ढोलकीचा आवाज थोडा कमी खटकतो.