दुसऱ्या सफरीचा पहिला दिवस

मुंबई बंदरातल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २०२५च्या सप्टेंबरात झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, केंद्र सरकारने याच बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केले होते. आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चांगल्याच. ‘बोट लागते’ म्हणून समुद्राला लांबूनच हात जोडणारा मराठी प्रवासी आता क्रूझचे दर विचारत ऑफिसात येतो. एकदा जाऊन आलेल्याला तर चार रात्री पुरत नाहीत. निवृत्त जोडपी, परदेशातल्या मुलांकडे राहायला गेलेले आईवडील, दिवाळीची मोठी सुट्टी हाताशी असलेली कुटुंबे आता त्याच बोटीवर, जमल्यास त्याच केबिनमध्ये, लागोपाठ दोन सफरी मागतात. विमानभाडे एकदाच, बॅगा एकदाच उघडायच्या. गिऱ्हाइकाचा हिशेब चोख आहे.

अशा बुकिंगच्या वेळी आपण व्हिसा पाहतो, विमा पाहतो, जैन जेवण मिळेल का तेही विचारून घेतो. पहिली सफर संपून दुसरी सुरू होते त्या दिवशी हा प्रवासी उतरलेल्यांत मोजायचा की चढणाऱ्यांत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. कोविडच्या काळात या प्रश्नाने बंदर अधिकाऱ्यांपासून जहाजावरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना घाम फोडला होता. त्या काळातल्या नियमांच्या फायली आपण बांधून माळ्यावर टाकल्या आहेत. सलग सफरींचे प्रकरण तेवढे पुन्हा खाली काढायला हवे, कारण साथीचा आजार नाव बदलून येईल तेव्हा हीच गाठ परत सोडवावी लागणार आहे.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीसीने, १४ मार्च २०२० रोजी क्रूझवर बंदी घातली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस तिच्या जागी सशर्त परवानगीचा आदेश आणला. पुढे जहाजे पुन्हा निघाली आणि सप्टेंबर २०२१पासून लस घेतलेल्या प्रवाशासाठी नियम ठरला तो असा: चढण्याआधीच्या दोन दिवसांत केलेली तपासणी निगेटिव्ह हवी. घरून निघणाऱ्याला हे सरळ होते. गल्लीतल्या लॅबमध्ये जा, कागद घ्या, विमान पकडा. पण जो आधीच बोटीवर आहे, त्याचे ‘दोन दिवस आधी’ भर समुद्रात येतात. तिथे गल्लीतली लॅब नाही, आणि मधल्या एखाद्या बंदरात चार तास मिळाले तर त्यात रिक्षावाल्याला लॅबचा पत्ता विचारत फिरायचे का? नियमाचा सारा रोख धक्क्यावरून चढणाऱ्यावर होता. जो चढतच नाही, त्याचे काय करायचे हा प्रश्न उरलाच.

मोठ्या कंपन्यांनी जी पद्धत बसवली ती मुळात शहाणपणाची होती. पहिल्या सफरीच्या शेवटच्या दिवसांत केबिनमध्ये एक पत्र येई: अमुक मजल्यावर, अमुक वाजता तपासणीला या. एरवी जिथे बैठका होतात अशा एखाद्या हॉलमध्ये टेबले मांडलेली असत. नाकात काडी फिरवायची, केबिनचे कार्ड दाखवायचे आणि निकालाची वाट पाहायची. ही अँटिजेन तपासणी बहुधा जहाजाच्याच खर्चाने होई. बोट धक्क्याला लागली की सलग प्रवाशांना सकाळी एका लाउंजमध्ये जमवत आणि हातात ‘इन-ट्रान्झिट’ कार्ड देत. बाकीचे सगळे उतरले की यांनाही रांगेने खाली नेऊन इमिग्रेशनसमोर उभे करत आणि नव्या प्रवाशांच्या आधी परत वर आणत. अमेरिकी बंदरांत नवे प्रवासी घेण्याआधी बोट कागदोपत्री रिकामी दाखवावी लागते, म्हणून कोविडच्या आधीही ही वरात निघायचीच. तपासणीमुळे तिला पहिल्यांदा आरोग्याचाही अर्थ आला.

हा अर्थ किती खोल आहे ते कळायला २०२०च्या फेब्रुवारीतले ‘ग्रँड प्रिन्सेस’ पाहावे. हे जहाज ११ फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्कोहून मेक्सिकोकडे निघाले, २१ला परतले आणि त्याच दिवशी हवाईच्या सफरीला लागले. पहिल्या सफरीतले ६८ प्रवासी आणि १,१११ कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक जण दुसऱ्या सफरीसाठी जहाजावरच राहिले. मेक्सिकोहून परतलेल्या एका प्रवाशाचा ४ मार्चला कॅलिफोर्नियात मृत्यू झाला. तो त्या राज्यात तोवर नोंदला गेलेला कोविडचा पहिला बळी. जहाज तेव्हा दुसऱ्या सफरीवर समुद्रातच होते. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने पथक पाठवून श्वसनाची लक्षणे असलेल्या ४५ जणांचे नमुने घेतले, त्यांतले २१ पॉझिटिव्ह निघाले. त्या २१पैकी प्रवासी दोन आणि कर्मचारी १९.

त्याच मार्चमध्ये सिडनीत ‘रुबी प्रिन्सेस’ने हाच धडा अधिक महागात शिकवला. ८ मार्चला एक सफर संपवून हे जहाज त्याच दिवशी न्यूझीलंडकडे निघाले. ते १९ला परत आले तेव्हा सुमारे २,७०० प्रवासी तपासणीचे निकाल हाती येण्याआधीच उतरून घरोघर पांगले. या जहाजाशी २८ मृत्यू जोडले गेले. न्यू साउथ वेल्स सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने ऑगस्ट २०२०च्या अहवालात राज्याच्या आरोग्य खात्यावर स्पष्ट शब्दांत ठपका ठेवला.

दोन्ही घटनांतून एकच निष्कर्ष निघतो. कंपनीच्या वेळापत्रकात सफरी दोन असतात, विषाणूच्या लेखी ती एकच असते. तिकिटाचा क्रमांक बदलतो, पण केबिन तीच, बुफे तोच आणि ताटे उचलणारे हातही तेच. म्हणून नियम तिकिटाच्या तारखेला बांधून चालत नाही. माणूस किती दिवस, कोणाच्या सहवासात होता, याला तो बांधावा लागतो.

हे मान्य केले की सगळ्यात आधी कर्मचाऱ्यांकडे पाहावे लागते, कारण खरा सलग प्रवासी तोच. प्रवासी फार तर दोन-तीन सफरी करतो. वेटर, केबिन स्टुअर्ड, स्वयंपाकी सहा-सहा, नऊ-नऊ महिने उतरत नाहीत. योकोहामाला अडकलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’वर १३८ भारतीय होते, त्यांतले १३२ कर्मचारी. मुंबई, गोवा आणि कोकणपट्टीतली किती घरे बोटीवरच्या नोकरीवर चालतात हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. प्रवाशांची तपासणी कडक आणि कर्मचाऱ्यांची ढिली, असा नियम म्हणजे पुढचे दार लावून मागचे उघडे ठेवणे. शिवाय पॉझिटिव्ह आलेल्या पोराच्या पगाराचे काय, हे लेखी नसेल तर तो अंगात ताप असताना गोळी घेऊन कामावर उभा राहील. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

तपासणी कोणत्या दिवशी करायची हाही प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मूळ विषाणूत संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात, ओमायक्रॉनमध्ये तीनच्या आसपास. शेवटच्या रात्रीच्या पार्टीत ज्याला लागण झाली, तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या तपासणीत हमखास निगेटिव्ह येणार. उलट, नवा प्रवासी दोन दिवसांपूर्वीचा कागद आणि दोन विमानतळांची गर्दी अंगावर घेऊन चढतो. म्हणजे ताजेपणात सलग प्रवाशाची तपासणी सरस, पण मागचा आठवडाभर तो बंद जागेत हजारोंबरोबर जेवलेला. दोघांनाही एकाच तपासणीवर सोडून देणे चूक आहे. साथ जोरात असताना दुसऱ्या सफरीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी एक तपासणी व्हायला हवी, असे आमचे मत आहे.

तपासण्या वाढल्या की चुकीचे पॉझिटिव्हही वाढतात, हे मात्र त्याबरोबर स्वीकारावे लागेल. डिसेंबर २०२०मध्ये सिंगापूरहून ‘कुठेच न जाणाऱ्या’ सफरीवर निघालेल्या ‘क्वांटम ऑफ द सीज’वर ८३ वर्षांच्या एका गृहस्थांची तपासणी पॉझिटिव्ह आली. सफर आवरती घेऊन बोट परत आणली, प्रवाशांना केबिनमध्ये बसवले. किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत फेरतपासणी झाली तेव्हा ते गृहस्थ निगेटिव्ह निघाले. तेव्हा बोट परत नेण्यात कोणाची चूक नव्हती. पण जिथे एका अँटिजेनवर गिऱ्हाइकाची पुढची सगळी सफर रद्द होणार आहे, तिथे खात्रीची दुसरी तपासणी लगेच मिळणे हा त्याचा हक्क असला पाहिजे.

परत येतानाची अडचण वेगळीच होती. २०२१मध्ये भारतात परतणाऱ्याला ‘एअर सुविधा’ पोर्टलवर ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल चढवावा लागे. बोटीवर फुकट झालेली अँटिजेन तिथे चालत नसे. ज्यांनी हे आधी पाहिले त्यांनी बंदरातल्या लॅबची वेळ मुंबईतूनच घेऊन ठेवली. बाकीच्यांची गिऱ्हाइके विमानतळावर बॅगांवर बसून ऑफिसला फोन लावत राहिली.

गंमत अशी की सलग सफरी एकच धरायच्या ही कल्पना कायद्याला नवी नाही. अमेरिकेचा १८८६चा प्रवासी जहाज कायदा परदेशी निशाणाच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन, मध्ये दूरचे परदेशी बंदर न करता, अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवू देत नाही. लॉस एंजेलिस ते व्हँकुव्हर ही एक सफर आणि व्हँकुव्हर ते अलास्कातले सीवर्ड ही दुसरी, अशा दोन्ही एकाच बोटीवर सलग घेतल्या की त्या मिळून एक धरल्या जातात आणि बुकिंग अडते. अलास्का विकणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना याचा अनुभव असेल. वाहतुकीच्या कायद्याला जे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ कळते, ते आरोग्याच्या नियमांत पहिल्या ओळीत असायला हरकत नव्हती.

आपल्या किनाऱ्यावरही परीक्षा झाली. २०२२च्या जानेवारीच्या सुरुवातीला ‘कॉर्डेलिया’ मुंबईहून सुमारे दोन हजार माणसे घेऊन मुरगावला पोहोचली. एक कर्मचारी बाधित निघाला, मग सगळ्यांची तपासणी झाली आणि ६६ जण पॉझिटिव्ह आले. बोट मुंबईला परत पाठवण्यात आली आणि तिथे पुन्हा तपासण्या झाल्यावर आकडा आणखी वाढला. बाधिताला गोव्यात उतरवायचे की मुंबईत, अलगीकरण कोणाच्या हद्दीत आणि खर्च कोणाचा, हे सगळे बोट धक्क्याला लागल्यावर ठरवत बसण्याची वेळ आली. आपल्याकडच्या सफरी दोन ते पाच रात्रींच्या असतात आणि बोट आली त्याच दिवशी पुन्हा भरून निघते. सलग सफरीचा प्रश्न त्यामुळे इथे दर आठवड्याला उभा राहतो, प्रवाशांच्या बाबतीत नसला तरी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत नक्कीच.

सीडीसीने १८ जुलै २०२२ रोजी आपला क्रूझ कार्यक्रम गुंडाळला आणि पुढचे नियम कंपन्यांवर सोडले. हळूहळू तपासण्याही गेल्या. आज कोणी कागद मागत नाही आणि मागावा असेही आम्ही म्हणत नाही. पण तहान लागल्यावर विहीर खणायची नसते. मुंबई, मुरगाव आणि कोची या बंदरांनी, त्या त्या राज्यांच्या आरोग्य खात्यांबरोबर बसून, साथ नसतानाच एक पानी करार करून ठेवावा. बाधित प्रवासी कुठे उतरेल, बाधित कर्मचारी कुठे राहील आणि खर्च कोण देईल, एवढेच त्यात असले तरी पुरे. नवे टर्मिनल उभे राहिले, आता त्याच्या कामकाजात हे पान जोडायला फार पैसे लागणार नाहीत.

आपल्या हातात असलेले काम त्याहून सोपे आहे. सलग बुकिंग घेताना कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्या. पहिली, साथीच्या काळात दोन सफरींच्या मधली तपासणी कोण, कधी आणि कोणत्या पद्धतीने करणार. दुसरी, गिऱ्हाईक पॉझिटिव्ह आले तर दुसऱ्या सफरीचे पैसे रोख परत मिळणार की पुढच्या सफरीचे क्रेडिट. तिसरी, केबिनमधल्या जोडीदाराचे काय, त्यालाही उतरवणार का आणि त्याचे पैसे कोणत्या हिशेबात. विमाही तपासा. दोन बुकिंग क्रमांकांवर काढलेल्या पॉलिसी पुष्कळदा एकमेकींना ओळखत नाहीत आणि पहिल्या सफरीतले आजारपण दुसऱ्या पॉलिसीच्या लेखी ‘आधीपासूनचे’ ठरू शकते. शक्य तिथे पूर्ण मुदतीची एकच पॉलिसी काढा.

तोंडी आश्वासनावर सलग सफर विकू नका. लेखी उत्तर येत नसेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगा आणि एकच सफर विका. कमिशन थोडे कमी मिळेल, पण पुढच्या वर्षी तो तुमच्याकडेच येईल.